शिट्टीवर मोजलेला रस्ता

सन १९३६ साली मी बत्तीस वर्षांचा होतो, आणि घरात माझा शब्द कुणी खोडत नव्हतं. वडील गेल्यापासून कारभार माझ्याकडंच होता. शाळा दोन इयत्ता. पण अक्कल शाळेतच मिळते असं मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही.

माझ्या पाठची बहीण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा झाली. सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. पुढं मीच तिला धुळ्याला मावशीकडं ठेवलं. तिथल्या एका दवाखान्यात ती अडीच वर्षं नर्सचं काम शिकली. गावात मी सांगत फिरलो, पोर शिकून येईल, आपल्याच बायाबापड्यांची बाळंतपणं करील. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही.

ती घरी आली आणि महिन्याच्या आत जळगावच्या एका दवाखान्यातून पत्र आलं. तिनंच ते वाचून दाखवलं. नोकरी पक्की होती. दवाखान्याच्या आवारात राहायला खोली होती, पण त्यासाठी सोबतच्या कागदावर घरच्या कर्त्या पुरुषाची सही लागत होती. खोली नको असेल तर रोज सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहायचं. आठ दिवसांत कळवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल.

माय चुलीपुढून म्हणाली, "पोर दवाखानामा झोपी ते गाव काय म्हनी?"

गाव काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. मीही तेच म्हणालो असतो. पण इतकं शिकवून नाही म्हणायचं, तर गाव त्यालाही हसलं असतं. म्हणून मी तोड काढली. "सही मी करत नाही. नोकरी कर. रोज जा, रोज ये. आल्यावर मागच्या दारी आंघोळ करायची, लुगडं तिथंच भिजवायचं, मग चुलीपाशी यायचं."

ती म्हणाली, "भाऊ, दोन कोस वाट, मधी गिरणा, मग आगगाडी. तू मोजं का?"

"मोजं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते, मी मोजलं होतं. आमचं शेत गिरणेच्या उंच काठावर, आणि म्हसावद स्टेशन नदीपलीकडं. गावात घड्याळ कुणाकडं नव्हतं. आम्ही सगळे आगगाडीच्या शिट्टीवर चालायचो. दिवस उगवता उगवता पहिली शिट्टी झाली की औत जुंपायचं. पंधरा वर्षं मी त्या शिट्टीवर बैल बाहेर काढले होते. म्हणजे दिवस उगवताना गाडी म्हसावदला, आणि आठच्या आत पोर जळगावला. यात विचारण्यासारखं काय होतं? मी कुणाला विचारलं नाही.

सातव्या दिवशी म्हणालो, चल, एकदा जाऊन दाखवतो. फाल्गुन महिना होता. अंधार असतानाच निघालो. गिरणेला गुडघाभर पाणी होतं, पण असं गार की पायाची बोटं कळेनात. ती वहाणा हातात धरून माझ्या मागं. "भाऊ, तू चालस का पयस?" ती म्हणाली. मी पळतच होतो जवळजवळ.

उजाडताना स्टेशनात पोचलो. मला हुरूप आला. म्हणालो, "पाह्यलं?" तेवढ्यात लांबून माझ्या ओळखीची शिट्टी आली. मी पदर आवर म्हणून सांगितलं आणि पुढं सरकलो. गाडी आली. आली आणि गेलीच. माझा फेटा उडून खडीत पडला.

झेंडा गुंडाळता गुंडाळता पोर्टर हसला. "भाऊ, ती मेल शे. ती आठे, या ठेसनमा, कोनासाठीच थांबत नही. पासिंजर ते कव्हयच गयी."

"कधी जाते?"

"कोंबडा आरवाना पहिले."

"आणि जळगावहून परत?"

"दिवा लागना नंतर येस."

म्हणजे पोरीनं मध्यरात्र उलटताच घर सोडायचं, एकटीनं नदी ओलांडायची, आणि परत अंधारातच पाण्यात उतरायचं. पावसाळ्यात तर ते पाणीही उतरू देणार नव्हतं. पोर्टर स्टेशनभर सांगत सुटला, हा भाऊ मेल थांबवायला आला होता. लोक हसले. मी फेटा झटकला आणि परत फिरलो.

आता खरं सांगतो. लाज वाटली, पण आतून मला सुटल्यासारखंही झालं. नोकरी आपोआप बुडाली होती. माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नव्हतं आणि सहीही करावी लागली नव्हती. मी मोठ्यानं म्हणालो, "जाऊ दे. वाटच नाही म्हटल्यावर कोण काय करणार?"

ती नदीत मधोमध थांबली. "भाऊ, हो म्हन नहीते नही म्हन. पन बठ्ठा दोष वाटवर टाकू नको."

"परक्या छपराखाली झोपशील?"

"धुळ्याला मी कुठं झोपत होते?"

"मावशीकडं."

"मावशीकडं मी जेवायला जायची. महिन्यातले पंधरा दिवस रातपाळी. मी दवाखान्यातच असायची. मावशीला ठाऊक होतं. मायलाबी ठाऊक शे. तू कधी विचारंच नही."

पुढं चालू लागलो. अडीच वर्षं मी गावाला छाती काढून सांगत होतो, की आमची पोर मावशीच्या नजरेखाली असते. माय ते ऐकत होती, मावशी आणि बहीण जाणून होत्या, आणि तिघींनीही मला कळू दिलं नाही. मला फसवलं म्हणावं, तर मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? ओढून आणली असती. तेही त्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. मायनं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी बहीण ओट्यावर बसून कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. उद्या आठवा दिवस. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी ओरडलो असतो. ती रडली नाही. मी कागद ओढून घेतला आणि सही केली. तिच्याकडं पाहिलं नाही. ती म्हणाली, "भाऊ, मनापासून शे का?"

"सही शे," मी म्हणालो. मनापासून नव्हती ती.

दुपारी म्हसावदला थांबणारी एक गाडी होती, हे पोर्टरनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सहीचा कागद कमरेला खोचला आणि तिची ट्रंक मी डोक्यावर घेतली. माय म्हणाली, मागच्या गल्लीनं जा. मी पुढच्या रस्त्यानं गेलो, पारावर सगळे बसलेले असताना. एकानं खवचटपणे विचारलं, "काय भाऊ, बहीनले सासरले धाडी ऱ्हायना का?"

मी थांबलो. ट्रंक जड होती, मान वळवता येत नव्हती. समोर बघूनच म्हणालो, "जळगावले. दवाखानामा. तठेच ऱ्हाई ती." आणि कुणी काही बोलायच्या आत चालू लागलो.