नीलिमाचे रेणू कुठे अडत होते

"रेणू प्रोटीनला चिकटत नाही म्हणजे बनवण्यातच गडबड आहे," सावंत सर म्हणाले. नीलिमा खाली मान घालून ऐकत होती. आमची औषध-संशोधनाची छोटी कंपनी परळला. सर प्रोजेक्ट हेड, नीलिमा केमिस्ट, आणि मी कॉम्प्युटरवर प्रोटीनचे आकार काढणारी. नीलिमाचं कॉन्ट्रॅक्ट याच प्रोजेक्टवर अवलंबून होतं.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. शरीरात ती ठरावीक आकारात गुंडाळली जाते. माळेतला क्रम दिला की सॉफ्टवेअर आकाराचा अंदाज करतं, आणि जिथे खात्री जास्त तिथे निळा रंग देतं. आमचं मॉडेल जवळजवळ सगळं निळं होतं. त्यात एक छान खोलगट पॉकेट. नीलिमाने औषधासाठी बनवलेले रेणू तिथे बसायला हवे होते. एकही बसत नव्हता.

सर गेल्यावर ती म्हणाली, "अगं, माझं मटेरियल चोख आहे. तू परत एकदा बघ ना."

"बघते. पण मॉडेल चुकलंय असं वाटत नाही गं."

चुकलं नव्हतंच. पण स्क्रीनवर प्रोटीन फिरवताना पॉकेटच्या कडेला काहीतरी खटकलं. काही अमिनो आम्लांना पाण्याचं वावडं असतं; ती सहसा आत दडतात. इथे त्यांचा अख्खा घोळका बाहेर, उघड्यावर. का बरं? जेवायला जायचं राहूनच गेलं. ती दुसऱ्या कशाला तरी चिकटून दडत असतील तर?

मी सॉफ्टवेअरला तोच क्रम दोनदा दिला. दोन प्रती समोरासमोर येऊन घट्ट बसल्या. पॉकेट मधोमध, पार बुजलेलं.

"हेही कॉम्प्युटरच सांगतोय," सर म्हणाले. "लॅबमध्ये दाखवा."

नीलिमाने प्रोटीन कॉलमवर चढवलं. कॉलम म्हणजे सच्छिद्र मण्यांनी भरलेली नळी. लहान रेणू छिद्रांत रेंगाळतात, मोठे आधी बाहेर पडतात. आम्ही तिघंही स्क्रीनसमोर उभे. बाहेर पडणारं प्रोटीन दाखवणारी रेघ अपेक्षेपेक्षा लवकर वर चढली. आकार जोडीचा होता.

"एकटं प्रोटीन जवळपास नाहीच, सर," नीलिमा म्हणाली.

सर नीलिमाकडे वळले. "म्हणजे गडबड तुझ्याकडे नव्हती. सॉरी."

पॉकेटचा नाद सोडला. जोडी फुटली की प्रोटीनचं काम थांबेल, या आशेने आता नीलिमा ती फोडणारा रेणू शोधतेय. कॉन्ट्रॅक्ट वाढलं; रेणू अजून सापडलेला नाही.

हल्ली कुणी नवं प्रोटीन घेऊन आलं की मी आधी विचारते, "हे शरीरात एकटं असतं का?" बहुतेकांना माहीत नसतं. सॉफ्टवेअर तर हा प्रश्न विचारतच नाही. एक मागितलं की एक देतं, तेही छान निळं.