शिडं किती होती, सावंतसाहेब?

हसणार नसाल तर सांगतो. बरं, हसा! घरचे तरी कुठे थांबलेत?

आमच्या रेवाला कोकणातलं स्थळ आलं. तिला मुलगा पसंत होता. राहिलं होतं एकच: मुलाचे वडील, सावंतसाहेब, आम्हाला बघायला झाशीला येणार होते. गृहस्थ आयुष्यभर नौदलात. आणि आम्ही? सात पिढ्या झाशीत! आमच्या प्रेम नगरात नळाला जरा बरी धार आली तरी आम्ही शेजाऱ्यांना हाका मारतो. त्यात ‘झाशीवाल्यांचं मराठी गेलं’ असं त्यांनी म्हणू नये, ही माझी धास्ती.

म्हणून एका जुन्या मराठी कोशातून मी जहाजच पाठ करायला घेतलं. पुढचं निमुळतं टोक म्हणजे नाळ. मधे डोलकाठी, तिला शीड. मागे सुकाणू. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही! बायको पोळ्या लाटता लाटता माझी परीक्षा घ्यायची.

सावंतसाहेब आले. त्यांच्या हातात पोह्यांची बशी पडते न पडते, तोच मी सुरू.

“तुमच्या जहाजाची डोलकाठी केवढी होती हो?”

ते दचकले. “डोलकाठी... नव्हती.”

“बरं, शिडं किती?”

“शिडंही नव्हती.”

“मग वादळात वर डेकवर कोण उभं राहायचं?”

“कोणीच नाही. आम्ही सगळे आत.”

आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? मी तडक स्वयंपाकघरात.

“अगं, हा माणूस तोतया आहे! याने जहाज पाहिलेलंच नाही. हे लग्न होणार नाही!”

“अहो, हळू!”

रेवा रडकुंडीला आली. “बाबा, आप भी ना! पहले उनसे पूछ तो लो!”

“काय पूछ लो? शीड माहीत नाही त्याला!”

मागे वळतो तर दारात सावंतसाहेब. हातात रिकामी बशी. सगळं ऐकलेलं.

“मी पाणबुडीवर होतो हो,” ते शांतपणे म्हणाले.

पाणबुडी! माझ्या कोशातलं जहाज काही पाण्याखाली गेलंच नव्हतं. पोरीचं लग्न मी माझ्या हातांनी मोडलं, असंच वाटलं. मी त्यांच्यापुढे हात जोडले.

त्यांनी रेवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बशी माझ्या बायकोपुढे धरली.

“वहिनी, अजून थोडे पोहे द्या. आणि देण्याघेण्याचं म्हणाल, तर आम्हाला काही नको. फक्त यांची शिडं तेवढी उतरवा.”

लग्न ठरलं. तारीख, जागा, जेवण, सगळं बायकोने बोलून घेतलं. बैठकीत मलाही बसायची परवानगी होती. बोलायची नव्हती.