मास्तरांसाठी राखलेला ऐन

‘पाच मिनिटं’ म्हणून मास्तरांनी हाताचा पंजा वर केला, की आपण खुशाल एखाद्या दगडावर बैठक मारावी आणि भाकरीचं फडकं सोडावं. जव्हारात ज्यांनी त्यांच्याबरोबर एकदा तरी रान तुडवलं, त्यांना हे सांगायला नको. ती पाच मिनिटं मी दुपारपर्यंत लांबलेली पाहिली आहेत.

मास्तर संस्थानच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. घरी मूलबाळ कुणी नाही. नाशिकच्या एका गोऱ्या इंजिनिअरने विलायतेला परत जाताना विकलेला लाकडी कॅमेरा हाच त्यांचा संसार. मी तेव्हा कचेरीत नवा कारकून होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. फोटोसाठी लागणाऱ्या काचेच्या प्लेटांची पेटी उचलायचं काम माझ्याकडे कसं आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ते फिरायचे फक्त थंडीत. पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने ढग अंगणात उतरलेले, आणि उन्हाळ्यात शेतांत फांद्या-पाल्याचे राब पेटले की धुराने समोरचा डोंगरही दिसत नाही. तेव्हा दिवाळी ते शिमगा एवढाच त्यांचा हंगाम. कानटोपी, वरून घोंगडी आणि पायात फाटके कॅनव्हासचे बूट अशा थाटात ते पहाटे निघायचे आणि मी दात वाजवत मागे.

फोटो काढायचे ते डोंगरांचे, नदीचे, झाडांचे. माणसांचे नाहीत. दाभोशाच्या धबधब्यापाशी एकदा दरबारचे एक पाहुणे फेटा नीट करून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. मास्तर त्यांना अदबीने म्हणाले, थोडे डावीकडे. अजून थोडे. अजून जरासे. पाहुणे सरकत सरकत पार चौकटीबाहेर गेले, तेव्हा मास्तरांनी फोटो काढला आणि ‘फार छान आला’ असं सांगून त्यांचे आभार मानले. त्याच गावच्या एका म्हातारीने मास्तरांना काळ्या फडक्यात डोकं खुपसून बसलेलं पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, यांचं कोण गेलं? मी हसलो. मास्तर मात्र फडक्यातून बाहेर आले आणि तिने आणलेलं पाणी तिच्या समाधानासाठी घटाघटा प्यायले.

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही मोखाड्यापर्यंत बैलगाडीने आणि पुढे चालत खोडाळ्याला गेलो. तिथे खोऱ्याच्या काठावर, लखमा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर ऐनाचं एक थोरलं झाड होतं. हवा स्वच्छ होते, नेमकी तेव्हाच आमच्याकडे झाडं छाटायला सुरुवात होते. फांद्या रोपाच्या जागेवर पसरून वाळवायच्या, उन्हाळ्यात पेटवायच्या आणि त्या राखेत भाताचं, नागलीचं रोप करायचं. राब चांगला भाजला नाही तर रोप उठत नाही. म्हणून थंडीत सगळं रान बोडकं. मास्तर म्हणायचे, आपण आयुष्यभर छाटलेलीच झाडं बघतो, एकदा अशा उजेडात पुरं झाड फोटोत घ्यायचंय.

लखमा छाटणीच्याच बेतात होता. मास्तरांनी विनवलं म्हणून तो थांबला. दोन दिवस खोऱ्यातून धुकं हललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघालं. आमच्याजवळ एकच कोरी प्लेट उरली होती. मास्तरांनी कॅमेरा लावला, मला हाक मारली, आणि मी पेटी घेऊन दंवाने ओल्या झालेल्या गवतावरून धावत निघालो.

मी पडलो. पेटीत काच फुटल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

मला वाटलं, आता मास्तर तोंड सोडतील. सोडायलाच हवं होतं. ते आले, माझा घोटा चाचपून पाहिला आणि म्हणाले, “पाय शाबूत आहे ना? मग झालं. कोऱ्या काचा जव्हारात आहेत.” मग लखमाला म्हणाले, “पंधरा दिवसांत येतो. तेवढं झाड राहू दे.”

लखमाने एकदा झाडाकडे, एकदा राबाच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. “राखतो,” म्हणाला.

जव्हारला पोचलो आणि मास्तरांना हिवताप भरला. तो उतरला नाही. आठव्या दिवशी ते गेले. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, त्यामुळे बोलणं असं काही झालंच नाही. मला फार रडू आलं, आणि त्या रडण्यात मी खोडाळ्याचं झाड साफ विसरलो. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण तुम्हाला सांगतो.

माघ संपता संपता कचेरीच्या कामाने खोडाळ्याला गेलो. शिवारातली सगळी झाडं शेंड्याचा झुपका ठेवून छाटलेली, आणि बांधावर तो ऐन एकटा भरगच्च उभा. पानं पिवळी पडून गळायला लागली होती. लखमा खाली बसून गळलेली पानं टोपलीत भरत होता. शेजाऱ्यांच्या राबावर फांद्या वाळून खडखडीत झाल्या होत्या, याची जागा अजून उघडीच.

मला पाहून तो उठला. माझ्या मागे वाटेकडे बघत म्हणाला, “मास्तर मागून येतात का? पान गळाया लागला. पन राखलाय मी झाड.”

मी त्याला सांगितलं. मास्तर कधी गेले, कसे गेले, आणि निरोप धाडायची आठवण मला झाली नाही, हेही सांगितलं. त्याने रागावावं असं मला मनापासून वाटत होतं.

त्याने टोपली बाजूला सारली. मग तो कमरेचा कोयता चाचपून झाडावर चढला आणि वरच्या फांदीवर पहिला घाव घातला.

मी कोट काढून बांधावर ठेवला. कचेरीत लेखणीपलीकडे मी काही उचललेलं नव्हतं. फांद्या पडतील तशा ओढत राबावर नेऊन पसरू लागलो. हात सोलवटले, धोतर फाटलं. उरलीसुरली पानंही ओढताना झडत होती, ती दोन्ही हातांनी गोळा करून पुन्हा नेऊन टाकत होतो.

दुपारी लखमाची बायको पाणी घेऊन आली. कचेरीतला माणूस फांद्या ओढतोय हे पाहून ती थबकली. हा कोण, असं तिने वर बघून नवऱ्याला विचारलं.

“मास्तरच्या जाग्यावर आलाय,” लखमा वरून म्हणाला.

मी खाली मान घालून पुढची फांदी ओढली.