उदबत्तीसाठी घेतलेली चिलीम

माझ्यावर गुन्हा दाखल आहे. चिलीम बाळगल्याचा आणि तीतून गांजा ओढल्याचा. मी आयुष्यात सिगारेटसुद्धा ओढलेली नाही. पण हे वाक्य नाशिकमधला प्रत्येक गंजेडी पोलिसांना ऐकवतो, त्यामुळे मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

चिलीम त्र्यंबकला एका साधूबाबांकडून घेतली होती, उदबत्ती खोचायला. बाबा नवी कोरी देत होते. मला मात्र त्यांच्या हातातली, काळवंडलेलीच हवी होती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलींना जुनाट दिसणाऱ्या वस्तूंचं फार कौतुक.

"बेटी, ये तो चली हुई है," बाबांनी बजावलं. मला तेच तर हवं होतं.

होस्टेल सोडून सामान घरी आणताना नाशिकच्याच द्वारका चौकात नाकाबंदी लागली. हवालदारांनी पिशवीत हात घातला.

"मॅडम, हे काय?"

"चिलीम."

"कोणाची?"

"माझी."

पंचनाम्याला पंच लागतात म्हणून त्यांनी रस्त्यावरची दोन माणसं थांबवली. त्यातले एक आमच्याकडे सत्यनारायण सांगणारे गुरुजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिलमीकडे पाहिलं आणि सही ठोकली. मी घरी पोचायच्या आत आईला फोन गेला होता. सोबत राहूच्या शांतीची सूचनाही.

मला वाटलं, आई रडेल.

"देवाची उदबत्ती? त्या मेल्याच्या उष्ट्या चिलमीत?"

पोलीस वगैरे तिच्या दृष्टीनं पुढचा विषय होता.

तपासणीत चिलमीत गांजाचे अंश निघाले. मला पुढच्या वर्षी शिकायला जर्मनीला जायचंय. शिक्षा लागली तर व्हिसाचं कठीण. तरी वकीलकाका म्हणाले, "हे बघ बेटा, कबूल करून टाक. किरकोळ दंड होईल, सुटशील. नाहीतर तारखाच तारखा."

"आणि व्हिसा?"

"ते नंतर बघू."

मी मान डोलावली. बोलणं टाळायला मी कुठेही मान डोलावते. त्यापायी डेंटिस्टकडे एक चांगली दाढ गमावली आहे.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

वकीलकाकांनी मला डोळ्यांनी होकार शिकवला.

"नाही," मी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा."

"नाही!"

मागच्या बाकावर पेंगणारा एक आरोपी दचकून उठला आणि हात जोडून उभा राहिला. पुढची तारीख पडली.

बाहेर आई थांबली होती.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"तू?"

आणि तिनं वकीलकाकांकडे पाहून खात्री करून घेतली.