अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

मुबारक शेख वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जालना रोडवरच्या एका खासगी रुग्णालयाची सर्व्हर रूम तो सतरा वर्षं सांभाळत होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने कुणाला वेडावाकडा शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण सलग दुसऱ्या दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात सगळ्या शहराचं डोकं फिरलं होतं. बीड बायपासला टॉवरवर टॉवर उठत होते आणि मुबारकच्या घरी, रोशन गेटला, नळाला आठव्या दिवशी तासभर पाणी येत होतं. त्याची बायको आबेदा भांडी धुतलेलं पाणीसुद्धा साठवून ठेवायची.

अशाच एका सकाळी रुग्णालयाच्या मागे त्याने सफाईच्या सरूबाईंना पाहिलं. भिंतीलगतच्या खड्ड्याचं लोखंडी झाकण सारून बाई त्यात बादली ओतत होत्या. दुसरी भरून शेजारी ठेवलेली.

"सरूबाई, डोकं ठिकाणावर हाय का? लोक टँकरमागं पळायलेत अन् तुम्ही पाणी मातीत घालायलात?"

"कचरू मिस्त्रीनं सांगितलंय, साहेब. रोज दोन बादल्या, खड्डा सुकू द्यायचा नाय. अकरा वर्सं झाली घालते."

"पण कशाला?"

"ते मला काय ठावं? मिस्त्रीलाच ठावं."

कचरू मिस्त्री म्हणजे जुना वायरमन. त्याला वारून चार वर्षं झाली होती. मुबारकने आणखी चौकशी केली नाही. रुग्णालयाचा कारभार बघणाऱ्या मनस्विनी मॅडमकडे तो तडक गेला आणि पाण्याची नासाडी होते म्हणून लेखी तक्रार ठोकून आला. मॅडमनी झाकणाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सरूबाई बादली घेऊन कुलपापाशी हुज्जत घालत उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना कामावरूनच काढलं. मुबारकला वाईट वाटलं. पण थोडंच.

दीड महिन्याने सर्व्हरचं दुखणं सुरू झालं. केसपेपर, लॅब, औषधांचं दुकान, सगळ्यांची कामं दोन मोठ्या सर्व्हरवर चालायची. एकेकाच्या पोटात दहा-दहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने उभी केलेली यंत्रं, आणि सगळा डेटा शेजारच्या स्टोरेजमध्ये. मध्येच सर्व्हरला ते स्टोरेज दिसेनासं व्हायचं. मिनिटभर, कधी दोन. सगळीकडचे पडदे गोठायचे, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरू व्हायचं. डॉक्टरसमोर बसलं की दुखायचा थांबणारा दात असतो, तसला प्रकार. मुबारकने केबली बदलल्या, कार्ड बदललं, स्विच बदलला. पुण्याहून सर्व्हरच्या कंपनीची माणसं आली, दोन दिवस एसीत बसली आणि 'सर्व ठीक' असं लिहून गेली.

"मुबारक, महिनाअखेरपर्यंत बघा," मॅडम म्हणाल्या, "नाहीतर हे काम बाहेर देऊन टाकू."

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याला कोण दारात उभं करणार होतं? तो घाबरला, चांगलाच घाबरला. वही घेऊन त्याने प्रत्येक वेळ लिहायला सुरुवात केली. आठवड्याने लक्षात आलं, की स्टोरेज जातं ते बहुधा मोठी लिफ्ट सुरू होताना. त्याच दिवशी सर्व्हरच्या लोखंडी रॅकला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. नवा वायरमन साहेबराव मीटर घेऊन आला. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत, तिथे एकवीस दिसत होते.

"अर्थिंग मेलंय साहेब तुमचं," साहेबराव म्हणाला. "खड्डा कुठं हाय?"

मुबारकला पक्कं ठाऊक होतं, खड्डा कुठे होता.

कुलूप काढलं. आत माती भेगाळून पार कोरडी पडली होती. "ओल असली तरच करंट जमिनीत जातो. नायतर लिफ्टचा झटका तुमच्या केबलीत शिरणारच की," साहेबराव म्हणाला. पाणी घातलं, मीठ घातलं. संध्याकाळपर्यंत मीटर दोनवर आला, आणि पुढचे दहा दिवस स्टोरेज एकदाही गेलं नाही.

मुबारक मुकुंदवाडीला सरूबाईंच्या घरी गेला. लाजेने त्याची मान वर होत नव्हती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मला त्या दवाखान्यात परत यायचं नाय," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही लिहून दिलं व्हतं ना, बाई पाणी वाया घालती म्हणून? त्यापायी कुणीच ठेकेदार मला कामावर घेईना. आता लिहून द्या, बाईचं बरोबर व्हतं."

"देतो. खुदा कसम, देतो."

तेव्हा तो खोटं बोलत नव्हता.

सोमवारी बैठक झाली. मनस्विनी मॅडमनी सगळ्यांसमोर मुबारकचं तोंडभरून कौतुक केलं, काम बाहेर देण्याचा विषय संपला असं जाहीर केलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्या विश्वस्तांनी विचारलं, "पण खड्ड्यात पाणी घालायचं बंद कुणी केलं?"

मॅडम समोरच्या कागदांत डोकं घालून बसल्या. कुलूप त्यांनी लावलं होतं. तक्रारीखाली सही मुबारकची होती. विश्वस्त त्याच्याकडेच बघत होते.

"सफाईची एक बाई होती, सर," मुबारक म्हणाला. "तिचंच काम होतं ते. तिनं हयगय केली. आता ती नाही इथं."

मनस्विनी मॅडमनी मान वर केली आणि ते वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं.