सुयोगचा डावा हात

सुयोग उडी मारायचा तेव्हा कात्रपमधल्या आमच्या सोसायटीच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघायचे. मांजर्लीच्या शेतकरी घरातला हा सव्वासहा फुटी गडी सायकल हाणत आमच्याकडे यायचा, कारण बास्केटबॉलची रिंग आमच्याच आवारात होती. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने उडी मारून रिंगला हात लावला आणि तेव्हापासून ‘गॉड गिफ्ट आहे रे’ हे पालुपद सुरू झालं. मला त्या शब्दांचा भारी राग यायचा. मी सकाळ-संध्याकाळ घाम गाळायचो आणि हा पठ्ठ्या नुसता येऊन उडी मारून जायचा.

आमच्या मैदानाची एक खोड होती. रिंगच्या डाव्या अंगाला गाड्या उभ्या असत. गाडीला बॉल लागला की सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेशकाका बॉल जप्त करायचे आणि आठवडाभर खेळ बंद. त्यामुळे डावीकडे कोणी फिरकतच नसे. आम्ही सगळे उजवीकडून घुसणारे, उजव्या हाताने टाकणारे. बास्केटबॉल असाच खेळतात अशी आमची पक्की समजूत होती.

मी पुढे अंबरनाथ एमआयडीसीत नोकरीला लागलो, त्यामुळे एकाच बाजूने खेळून माझं काही बिघडलं नाही. सुयोगला मात्र एका व्यावसायिक संघाने एका हंगामाच्या करारावर घेतलं. सुरुवातीचे सामने त्याने गाजवले. मग समोरच्या संघांच्या लक्षात आलं, की गडी एकाच बाजूने जातो. ते उजवी बाजू अडवून उभे राहू लागले. डावीकडे मोकळं रान, पण हा तिकडे वळला की बॉल पायात. प्रशिक्षक शरदचंद्र सरांनी त्याला बाकावर बसवलं. “हंगाम संपेपर्यंत डावा हात तयार कर. नाही झाला, तर पुढचा करार नाही,” एवढंच ते म्हणाले.

हे ऐकून त्याची आई, बनूबाई, खवळली. “देवानी दिलाय तुला, आता शिकाचा काय त्यात?”

“आये, देवानी उजवाच दिलाय,” सुयोग म्हणाला. “डावा मलाच आणाचाय.”

मला वाटलं होतं, तो खचेल. कसचं काय! अंबरनाथला माधवीताई शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवते. सुट्टीच्या दिवशी हा जाऊन सरळ त्या मुलांच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या कमरेला लागणारी पोरं फिदीफिदी हसत होती.

“डावा पाय, उजवा पाय, उडी,” ताई सांगायची. “सुयोग, पाय चुकला. रांगेच्या शेवटी जा.”

हा मुकाट मागे जायचा. घरी डाव्या हाताने जेवायचा, डाव्या हाताने दात घासायचा. मी चिडवलं, “काय रे गॉड गिफ्ट, पहिलीत नाव घातलं का?”

“हां ना,” तो म्हणाला. “आणि पास पण होणार. तू बघच.”

हंगामाचा शेवटचा सामना बघायला मी मुद्दाम रजा टाकून गेलो. आमचा संघ एका गुणाने मागे, वेळ संपत आलेला, आणि सरांनी सुयोगला आत पाठवलं. समोरचा खेळाडू सवयीने सुयोगची उजवी बाजू अडवायला सरकला. सुयोग डावीकडून निघाला. डावा पाय, उजवा पाय, उडी. पाय अगदी बरोबर पडले. पण डाव्या हातातून सुटलेला बॉल रिंगवर आपटून बाहेर आला. तेवढ्यात हा परत उडाला, सगळ्यांच्या डोक्यावरून, आणि तोच बॉल रिंगमध्ये घालून खाली आला. ती उडी कोणी शिकवू शकलं नसतं, हे मी झक मारत कबूल करतो.

सामना जिंकला. सुयोग बाकावर बसून बूट काढत होता. सर जाता जाता थांबले. “डावा अजून कच्चाच आहे. सोमवारपासून लवकर यायचं सरावाला.”

हंगाम तर संपला होता. सोमवारी बोलावलं, म्हणजे सरांनी त्याला ठेवून घेतलं होतं. सुयोग तोंडावर टॉवेल घेऊन रडला. मलाही रडू आवरेना. मग तो एकदम उठला.

“अरे, किती वाजता ते विचारलंच नाही,” म्हणाला आणि एका पायात बूट, एक पाय मोकळा, असा सरांच्या मागे धावत सुटला.