शिष्यवृत्ती माझी, वजावट पप्पांची

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली. पप्पांना आनंद झालाच नाही. पत्र दोनदा वाचून म्हणाले, "फुकट कोण देतंय गं? मागनं काय तरी मागणार बघ."

पप्पा एका ऑफिसात कारकून. आम्ही शहराजवळच्या गडमुडशिंगी गावात राहायचो. ट्रस्टनं निम्मी फी थेट कॉलेजात भरली, उरलेली पप्पांनी.

पुढं त्यांनी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं आणि थोड्या दिवसांनी मोबाईलवर इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज आला : तुमच्या वजावटी पुन्हा तपासा. पप्पांना आधी वाटलं, फसवणूक असणार. मग त्यांचा संशय माझ्यावर आला.

"तुझ्या स्कॉलरशिपमुळंच झालंय हे. फॉर्मात काय लिवलंतीस?"

"तुमचं उत्पन्न. दाखल्यावर हाय तेवढंच."

"बघू तो फॉर्म."

मी काढून दिला. ओळीवर बोट ठेवून ते वाचत राहिले. मी समोर उभी. माझ्याच घरात माझी झडती चाललीय असं वाटलं.

गल्लीतला एक एजंट म्हणाला, "पोरीचं पैसं तुमच्याच उत्पन्नात धरत्यात. दोन हजार द्या, मिटवतो." पप्पांचा त्याच्यावरही विश्वास बसला नाही, हे नशीब. शेवटी शहरातल्या एका कर सल्लागार बाईंकडे आम्ही दोघं गेलो.

बाई म्हणाल्या, "शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर कर नसतो. मुलीलाही नाही, तुम्हालाही नाही."

"मग मेसेज का आला?"

"मेसेजात कारण नसतं. मुलीच्या फीची वजावट घेतलीय ना? त्यासाठी ऑफिसात दिलेली पावती दाखवा."

कॉलेजची ती पावती पूर्ण फीची होती. बाईंनी ती माझ्यापुढं सरकवली. "यातली निम्मी ट्रस्टनं भरलीय ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग वजावट फक्त वडिलांनी भरलेल्या निम्म्या फीची. सगळ्या फीची घेता येत नाही."

पप्पांनी चष्मा काढून पुसला. त्याच दिवशी सुधारित रिटर्न भरलं, राहिलेला कर व्याजासकट भरला. रक्कम फार नव्हती.

बस स्टॉपवर ते बस यायच्या दिशेला बघत उभे होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "म्या मुद्दाम दिलीती ती पावती, असं वाटतंय व्हय तुला?"

"न्हाई की," मी म्हणाले.

पण तेव्हा माझी खात्री नव्हती, आणि आजही नाही.